सरासरीबाई, आरोप तुमच्यावर आहे

श्रीमती राज्य सरासरी यांस,
मुक्काम : प्रत्येक सरकारी अहवालाचं पहिलं पान

सरासरीबाई,

अर्थसंकल्पाच्या भाषणात तुम्ही असता, आर्थिक पाहणीत तुम्ही असता, आरोग्यावर पत्रकार परिषद झाली की मंत्र्यांच्या आधी तुम्ही बोलता. महाराष्ट्रात १००० जिवंत जन्मांमागे १६ बाळं वर्षाची होण्याआधी दगावतात, देशात २८. हा २०२० चा हिशेब. एक लाख जिवंत जन्मांमागे आपल्याकडे ३३ माता दगावतात, देशात ९७. हा २०१८ ते २०२० चा. माता कमी दगावण्यात तेव्हा केरळच्या खालोखाल आपला नंबर होता. ही दोन पदकं गळ्यात घालून तुम्ही राज्यभर मिरवता.

ती पदकं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. नमुना नोंदणी पाहणीत निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत जन्म-मृत्यू सतत नोंदवले जातात आणि त्यावरून हे आकडे निघतात. ते काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. माझा आरोप तुमच्यावर आहे, आणि तो असा : राज्याच्या ज्या कोपऱ्यांत माणसं लवकर मरतात, ते कोपरे तुम्ही झाकता. ही पाहणी राज्याचा आकडा देते, जिल्ह्याचा देत नाही. मग तालुका आणि पाडा तर लांबच. त्यामुळे ३३ हा आकडा ज्या बाईच्या वाट्याला येतो तिचा पत्ता कुठेच लिहिलेला नसतो. ती मुंबईची असू शकते, धडगावची असू शकते. तुमच्या लेखी दोघी एकच.

त्या एक नाहीत, हे सांगायला हे पत्र आहे.

नंदुरबारपासून सुरुवात करते. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतले ६९ टक्के आदिवासी, साक्षरता ६४ टक्के. त्या वर्षी राज्याची साक्षरता ८२ होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची कमी वजनाची मुलं राज्यात ३६ टक्के, म्हणजे मुळात तुमचाच आकडा मान खाली घालायला लावणारा. नंदुरबारात तो ५७ टक्के. नीती आयोगानं २०२१ मध्ये बहुआयामी दारिद्र्याचा जो पहिला निर्देशांक काढला, त्यात राज्यातल्या १०० माणसांमधली १५ गरीब ठरली. नंदुरबारातली निम्म्याहून अधिक. या निर्देशांकात पैसा मोजलेला नाही. घरात पोषण आहे का, मुलं शाळेत जातात का, पाणी किती लांब आहे, संडास आहे का, चूल कशावर पेटते, हे मोजलं आहे. म्हणजे माणूस आजारी का पडतो याची जवळजवळ सगळी कारणं.

आता त्या जिल्ह्याच्या आत शिरा. सातपुड्यात अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजेच धडगाव हे दोन तालुके, वरच्या अंगाला नर्मदा. सरदार सरोवराच्या फुगवट्यानं महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. पाणी चढत गेलं तशा जमिनीवरच्या वाटा बुडाल्या आणि काही पाड्यांना तीन बाजूंनी पाणी आलं. तिथे दवाखाना पाण्यावरून येतो. तरंगता दवाखाना म्हणतात त्याला. बोट आली तर डॉक्टर आला. डोंगराच्या माथ्यावरच्या पाड्यांना तेही नाही. तिथून अडलेली बाई खाली आणायची तर बांबूला गोधडी बांधून झोळी करतात, दोघं पुढेमागे खांदा देतात आणि ओढ्या-नाल्यांतून डांबरी रस्त्यापर्यंत चालत येतात. पावसाळ्यात ओढा उतरेपर्यंत काठावर थांबावं लागतं. वर्तमानपत्रांनी या झोळीला ‘बांबूलन्स’ असं नाव दिलं आहे. दर पावसाळ्यात तिचा फोटो छापून येतो, दोन दिवस हळहळ होते, रस्त्याला मंजुरी मिळाल्याची बातमी येते, आणि पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या पाड्याचा फोटो येतो.

बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तर उपचाराशिवाय बाईच्या हातात साधारण दोन तास असतात. हे वैद्यकशास्त्राचं गणित, त्यात जात, जमात, जिल्हा काही येत नाही. पुण्यात धुणी-भांडी करणारी एखादी बाई घ्या. तिच्या घरची कमाई धडगावच्या शेतमजूर बाईपेक्षा फार जास्त नसेल. पण रात्री दोन वाजता तिला त्रास सुरू झाला तर गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आहे, रिक्षाच्या अंतरावर ससून रुग्णालय आहे, तिथे रक्तपेढी आहे, भूल देणारा डॉक्टर आहे. धडगावच्या बाईचे दोन तास झोळीतच संपतात. गरिबी दोघींच्याही घरात आहे. एकीची उंबऱ्याशी थांबते, दुसरीची उंबऱ्याबाहेर रस्ता, नदी, दवाखाना, शाळा, रेशन दुकान, मोबाइलची रेंज अशी पसरत जाते. माणूस गरीब असणं आणि जागा गरीब असणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि दुसऱ्यावर घरातल्या माणसाकडे काहीही इलाज नसतो. त्यानं कितीही कष्ट केले तरी तो स्वतःच्या पाड्यावर रक्तपेढी आणू शकत नाही.

आणि जागेची गरिबी साचत जाते. रस्ता नाही म्हणून डॉक्टर टिकत नाही. त्याच्या मुलांना शाळा नाही, राहायला धड निवासस्थान नाही, बायकोला नोकरी नाही. डॉक्टर नाही म्हणून लोक दवाखान्याचा भरवसा धरत नाहीत. मेळघाटात ते भुमका या गावातल्या वैदूकडे जातात, बाळाचं पोट फुगलं तर पोटावर चटके देतात. मग शहरातले लोक म्हणतात, अंधश्रद्धेमुळे मरतात. वर्षानुवर्षं बंद दाराशी जाऊन परत आलेल्या माणसानं गावातल्याच माणसावर विश्वास ठेवला, तर त्याला मी दोष देणार नाही. दाराला कुलूप कुणी लावलं ते आधी विचारेन.

सरासरीबाई, तुम्ही केवळ निकालपत्रात बसत नाही. दवाखाना कुठे उघडायचा या नियमातही तुम्ही आहात. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्र सपाटीवर ५ हजारांमागे, डोंगरात ३ हजारांमागे. कागदावर ही सवलत आहे. आता गडचिरोलीत ती वापरून पाहा. २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये ७४ माणसं राहत होती. २० हजार माणसं जमवायची तर २७० चौरस किलोमीटर जंगल पालथं घालावं लागतं. ३ हजारांच्या उपकेंद्राला ४० चौरस किलोमीटर. मुंबई उपनगरात त्याच जनगणनेत एका चौरस किलोमीटरमध्ये २० हजारांहून अधिक माणसं राहत होती, म्हणजे आरोग्य केंद्राचं सगळं गिऱ्हाईक एका किलोमीटरच्या आत. माणसं मोजून दवाखाने वाटले की जिथे माणसं विरळ आहेत तिथे दवाखाना लांब जातो, आणि जंगलात विरळ राहणारी माणसं बहुतेक करून आदिवासीच असतात. पायी लागणारे तास मोजून दवाखाने वाटले असते तर नकाशा वेगळा दिसला असता. तो हिशेब करायला अवघड नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षी सगळ्यांना ठाऊक असतं. तरी आरोग्य केंद्राचा हिशेब डोक्यांवरच होतो.

गडचिरोलीचं नाव घेतलं आहे तर तिथेच थोडी थांबते, कारण तुमच्यावरचा इलाजही तिथेच सापडला आहे.

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था तिथे सुरू केली. त्यांनी पहिलं काम मोजण्याचं केलं. ठरावीक गावं घेतली आणि प्रत्येक जन्म, प्रत्येक बालमृत्यू गावात जाऊन नोंदवला. १९८८ मध्ये त्या गावांतला बालमृत्यूदर १००० मागे १२१ निघाला. ही मुलं आधीही मरत होती. फक्त तुमच्या हिशेबात पातळ होऊन विरघळत होती.

मोजल्यावर कारणं दिसली. न्यूमोनिया मोठा मारेकरी होता. गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवल्यावर मृत्यू घटतात हे त्यांनी १९९० मध्ये जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे जन्मापासून पहिल्या महिन्यात मरणाऱ्या बाळांकडे लक्ष गेलं. बाळाला ऊब देणं, वजन करणं, श्वास कोंडला तर तो सुरू करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं गावातल्या बायकांना शिकवलं, त्या घरोघर गेल्या, आणि तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. २०११ पासून देशभरातल्या आशा ताई जन्मलेल्या बाळाच्या घरी जाऊन जी तपासणी करतात, तिचं मूळ गडचिरोलीतल्या या कामात आहे. देशातल्या सर्वांत मागास म्हणून हिणवलेल्या एका जिल्ह्यानं देशाला बाळं वाचवायला शिकवलं. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये आला तेव्हा त्याचं मुख्य सांगणंच हे होतं की बालमृत्यूंचा मोठा भाग सरकारी नोंदीत येतच नाही. जन्मून काही तासांत गेलेलं बाळ ‘उपजत मृत’ म्हणून लिहिलं की ते बालमृत्यूत धरलं जात नाही. बाळंतपणासाठी माहेरी किंवा कामासाठी परराज्यात गेलेल्या बाईचं मूल तिकडे दगावलं की दोन्ही गावांच्या वहीतून ते सुटतं. जे मोजलं जात नाही त्याची सरासरी चांगलीच येणार.

स्थलांतर हा तर तुमचा जुना साथीदार. दिवाळी झाली की मेळघाटातून, नंदुरबारमधून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, गुजरातेत जातात. मूल अंगणवाडीच्या पटावर राहतं आणि प्रत्यक्षात पाचटाच्या खोपीत झोपतं. होळीला माणसं परत येतात, कारण कोरकूंना आणि भिल्लांना होळी चुकवून चालत नाही. तेव्हा त्या मुलाचं वजन केलं की ते मागच्या दिवाळीपेक्षा कमी भरतं. मग पावसाळा येतो, घरातलं धान्य संपलेलं असतं, बाप-आई शेतात, पाणी गढूळ, हगवण लागते, आणि जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत मुलं जातात. मेळघाटचे बालमृत्यू १९९३ पासून वर्तमानपत्रांत आहेत, उच्च न्यायालयात त्यावर वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या आहेत, १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, भरारी पथकं आली, अमृत आहार आला. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांनी बैरागडला आयुष्य घातलं. काहीच झालं नाही असं म्हणणं त्या सगळ्यांवर अन्याय ठरेल; पूर्वीपेक्षा मृत्यू कमी झाले आहेत. पण धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके अमरावती जिल्ह्यात आहेत, आणि अमरावती शहर, परतवाडा, अचलपूर यांच्या आकड्यांत ते मिसळले की जिल्ह्याचा आकडा बरा दिसतो. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये सेमाडोहचा घाट.

म्हणजे राज्याची सरासरी एकटी नाही, जिल्ह्याची सरासरी ही तुमची धाकटी बहीणही तेच करते. पालघर पाहा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून हा जिल्हा वेगळा केला तो आदिवासी भागाला न्याय मिळावा म्हणून, असं सांगितलं गेलं. जव्हार-मोखाड्यात १९९२ मध्ये वावर-वांगणीला मुलं कुपोषणानं मेली तेव्हा सगळं राज्य हादरलं होतं. पण नव्या जिल्ह्यात वसई-विरारही आलं. २०११ मध्ये १२ लाखांच्या पुढे लोकसंख्या असलेलं महानगर आणि मोखाडा तालुका यांची बेरीज करून भागाकार केला की जे येतं ते वसईचंही खरं चित्र नसतं आणि मोखाड्याचंही नसतं. नाशिकमध्ये सुरगाणा आणि पेठ असेच बुडतात. जिल्हा वेगळा केला, पण भागाकार तोच राहिला.

आणि खुद्द मुंबईत? जिथे केईएम, नायर, शीव, जे. जे. अशी एकाहून एक जुनी सार्वजनिक रुग्णालयं आहेत, तिथे तरी अंतराचा प्रश्न नसावा. पण गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर मिळून जो एम-पूर्व प्रभाग होतो, तो महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या सगळ्या प्रभागांत शेवटचा होता. १९२७ पासून शहराचा कचरा जिथे टाकला जातो ते देवनारचं डम्पिंग तिथे. शहरात जागा हवी म्हणून इतर वस्त्यांतून उठवलेली माणसं ज्या इमारतींत नेऊन ठेवली त्या इमारती तिथे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये झाला. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही आणि तिथल्या रहिवाशांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त आहे, असं त्यात दिसलं. क्षयाचे जंतू उन्हाला आणि मोकळ्या हवेला भितात, हे शाळकरी मुलालाही माहीत असतं. वास्तुरचनेचे नियम शिथिल करून सरकारनंच या माणसांच्या घरातलं ऊन काढून घेतलं. मग औषधं फुकट दिली. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवराची साथ आली तीही गोवंडीतच पहिल्यांदा भडकली आणि लहान मुलं गेली. गोवराची लस या देशात अनेक दशकांपासून फुकट मिळते. मुंबई उपनगर हा मानव विकासात राज्यात वरच्या क्रमांकावर असलेला जिल्हा, आणि त्याच्या पोटात गोवंडी. सातपुड्यातलं अंतर किलोमीटरमध्ये होतं. इथलं अंतर आहे कामाचा खाडा करून दवाखान्याच्या रांगेत उभं राहण्याचं, पाण्याच्या टँकरची वाट पाहण्याचं, पुनर्वसनात बदललेल्या पत्त्यामुळे लसीकरणाच्या यादीतून गळण्याचं.

बीडबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजार ८०० हून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. १०० मध्ये जवळजवळ १७. देशात १५ ते ४९ या वयात हे प्रमाण १०० मध्ये साधारण ३ आहे. बालाघाटच्या डोंगराळ, पावसाच्या छायेतल्या तालुक्यांत शेतीला पाणी नाही, म्हणून कोयता. कोयत्याची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणून बाई कामावर हवीच. एक दिवस खाडा केला तर दंड, म्हणून पाळीचा त्रास नको. फडावर ना संडास, ना आडोसा, ना पाणी, म्हणून संसर्ग. सरकारी दवाखाना लांब, खासगी जवळ, आणि तिथे ‘पिशवी’ काढून टाकण्याचा सल्ला. पंचविशी-तिशीतल्या बाईची पिशवी जाते ती या साखळीतल्या शेवटच्या कडीला. पहिली कडी सिंचनाच्या नकाशावर आहे. जागेची वंचितता शरीरात कशी शिरते हे कुणाला पाहायचं असेल तर त्यानं बीडच्या बाईचं पोट पाहावं. राज्याच्या आरोग्याच्या सरासरीत यातलं काही येत नाही, कारण ती बाई जिवंत आहे. कंबर धरून, हाडं ठिसूळ होऊन, पुढच्या हंगामाची उचल फेडत जिवंत आहे.

तुमच्याविरुद्धचा सगळ्यात जुना पुरावा सरकारच्याच कपाटात आहे. १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिनं नऊ क्षेत्रांतला प्रादेशिक अनुशेष काढला : ३ हजार १८६ कोटी रुपये. आरोग्य सेवा हे त्यातलं एक क्षेत्र. अनुशेष कसा मोजला? राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे यावरून. म्हणजे मागासांना न्याय देण्याचं पहिलं मोठं काम सुरू झालं तेव्हाही मापाची पट्टी तुम्हीच होता. दांडेकरांच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. त्या काळी एवढं मांडणंही धाडसाचं होतं. पण पट्टीतच दोष राहिला. जिल्हा हे एकक धरलं, आणि आरोग्यात खाटा, केंद्रं, इमारती मोजल्या. मरणं मोजली नाहीत. पुढे घटनेच्या ३७१ व्या कलमाखाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची वैधानिक विकास मंडळं आली. अनुशेष १९९४ च्या पायरीवर गोठवला गेला. सरासरी मात्र दरवर्षी पुढे चालत राहिली, कारण तिला ओढणारे पुणे आणि मुंबई पळत होते. अनुशेष भरल्याची घोषणा ऐकू आली तेव्हा गडचिरोली पूर्वीच्या सरासरीला पोचलं होतं आणि राज्य कुठल्या कुठे गेलं होतं. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि ती वाढवली गेली नाही. करोनाच्या साथीत खाटा, ऑक्सिजन, डॉक्टर यांची प्रादेशिक दरी सगळ्यांना दिसत होती, नेमक्या त्याच उन्हाळ्यात.

कुणी म्हणेल, तालुक्याचा विचार सरकारनं केलेलाच आहे. केलेला आहे, हे खरं. मानव विकास कार्यक्रमात १२५ अति मागास तालुके नावानिशी निवडले आहेत. गरोदर बायकांना बुडीत मजुरी मिळते, तपासणी शिबिरं होतात, मुलींना शाळेत जायला बस मिळते. याचा अर्थ मंत्रालयाला नावं ठाऊक आहेत. गाव ठाऊक, पाडा ठाऊक, कुठल्या नदीवर पूल नाही हे ठाऊक. तरीही आरोग्याच्या यशाचं भाषण करायची वेळ आली की तुम्हालाच पुढे केलं जातं. तुम्ही आकडा आहात, तुम्हाला हात-पाय नाहीत. तुम्हाला पुढे करणारे हात मात्र माणसांचे आहेत. त्या हातांच्या मालकांनाही हे पत्र आहे.

त्यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. अर्थसंकल्प मांडण्याआधी दरवर्षी राज्यातल्या प्रत्येक तालुक्याचा आणि प्रत्येक महापालिका प्रभागाचा एक तक्ता विधिमंडळासमोर ठेवा. त्यात पाच वर्षांखाली किती मुलं गेली, बाळंतपणात किती बायका गेल्या, त्यातल्या किती घरी, किती वाटेत, किती रुग्णालयात गेल्या, उपजत मृत म्हणून किती बाळं लिहिली, आणि तिथल्या डॉक्टर-परिचारिकांच्या किती जागा वर्षभर रिकाम्या होत्या, एवढं असू दे. आशा ताईंच्या आणि एएनएम बाईंच्या नोंदवह्यांत यातलं बहुतेक आजही आहे. वर येताना ते बेरजेत हरवतं. दवाखाने डोकी मोजून वाटणं थांबवा, पायी आणि बोटीनं लागणारे तास मोजून वाटा. जो डॉक्टर भामरागडला किंवा धडगावला पाच वर्षं राहील त्याला पदव्युत्तर जागेत, पगारात आणि निवासस्थानात इतका मान द्या की तिथली नेमणूक शिक्षा वाटणार नाही. आणि आरोग्य खात्याच्या पैशानं पूल होत नाही हे उत्तर पुन्हा देऊ नका. ज्या ओढ्यावर दरवर्षी झोळी थांबते, त्या ओढ्यावरचा पूल हेच तिथलं आरोग्य केंद्र आहे; तो आरोग्याच्या खात्यातून झाला तरी चालेल, बांधकामाच्या खात्यातून झाला तरी चालेल.

वाचकहो, तुम्हालाही एक विनंती. तुमच्या आमदारांना पुढच्या भेटीत जिल्ह्याचा आकडा विचारू नका, तो त्यांना पाठ असतो. मतदारसंघातल्या सगळ्यात लांबच्या पाड्याचं किंवा सगळ्यात दाट वस्तीचं नाव घ्या आणि विचारा, गेल्या वर्षी तिथली किती मुलं गेली आणि का. उत्तर मिळालं नाही तर तेच लेखी मागा, माहिती अधिकारात मागा, ग्रामसभेच्या ठरावात मागा. मिळेपर्यंत मागत राहा.

कळावे.